पहिल्या रीफ टाकीसाठी सोपी आणि शांत प्रवाळे: निवड, तयारी आणि मांडणीचा क्रम

दुकानातल्या निळ्या दिव्याखाली झळकणारे प्रवाळ आधी विकत घ्यायचे, घरी आल्यावर खडकावर जिथे जागा दिसेल तिथे ठेवायचे आणि दोन-तीन महिन्यांनी एक प्रवाळ दुसऱ्याला जाळू लागले की मग त्याचे नाव, स्वभाव आणि गरजा शोधायला बसायचे, या उलट्या क्रमामुळे नवशिक्यांच्या कितीतरी रीफ टाक्या, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची मत्स्यालये, बिघडतात. यामागे आणखी एक गैरसमज असतो: जे प्रवाळ जगवायला सोपे, ते शेजाऱ्यांसाठीही निरुपद्रवी असणार असे गृहीत धरले जाते. सोपेपणा आणि शांतपणा हे दोन वेगळे गुण आहेत. ग्रीन स्टार पॉलिप मारून मरत नाही, पण वर्षभरात सगळा खडक व्यापते. टॉर्च कोरल थोड्या अनुभवाने सहज सांभाळता येते, पण त्याचे डंख मारणारे लांब तंतू रात्री १५ सेंटीमीटर किंवा त्याहूनही दूर पोहोचतात. पहिल्या टाकीसाठी दोन्ही गुण असलेली प्रवाळेच निवडायची, आणि ती खरेदीच्या आधी कागदावर निवडायची.

टप्पा १: कायदेशीर चौकट समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सागरी पंखे म्हणजे गॉर्गोनियन यांचा समावेश आहे. त्यांना समुद्रातून काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा टाकीत शोभेला ठेवणेही त्यात येते. परदेशातून आणलेल्या कठीण प्रवाळांनाही साइटिस, म्हणजे धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या परिशिष्ट २ ची कागदपत्रे लागतात. ‘हे इम्पोर्टेड आहे, काळजी करू नका’ एवढे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

म्हणून भारतातल्या वाचकांना माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिली टाकी फक्त मशरूम, झोअँथस आणि लेदर या मऊ शरीराच्या गटांवर उभारा, त्यांचेही पक्के बिल घ्या आणि शंका असेल तर वनविभागाकडे विचारणा केल्याशिवाय खरेदी करू नका. अमेरिका, युरोप, आखाती देश किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांना तिथल्या नियमांनुसार, टाकीत वाढवलेली कठीण प्रवाळेही घेता येतील. त्यांपैकी दोन शांत प्रकार पुढे दिले आहेत.

खडकाच्या बाबतीतही हीच दक्षता घ्या. समुद्रातून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ बहुधा जुन्या प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी मत्स्यालयासाठी तयार केलेला कृत्रिम, कोरडा, सच्छिद्र खडक वापरावा. त्यातून नको असलेले जीवही टाकीत येत नाहीत.

टप्पा २: टाकी आधी स्थिर करा

प्रवाळाला परिपूर्ण आकड्यांपेक्षा न हलणारे आकडे अधिक मानवतात. या कारणाने फार लहान टाकी नवशिक्याला अवघड जाते, कारण ३० लिटर पाण्यातून एक लिटर उडून गेले तरी क्षारता लक्षणीय बदलते. १०० ते १५० लिटरची टाकी खर्च आणि स्थैर्य यांचा चांगला मेळ घालते. टाकी जुनी असेल तर तिच्यात कधी तांबेयुक्त औषध वापरले होते का, हे विचारून घ्या. तांब्याचा अंश सिलिकॉनमध्ये आणि खडकात मुरून राहतो आणि अपृष्ठवंशी जीवांना मारक ठरतो.

पाणी आरओडीआय गाळणीतूनच, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकणाऱ्या गाळणीतूनच, घ्या. स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्याच्या साध्या आरओ यंत्रातून निघालेले पाणी बहुतेक वेळा ५० किंवा त्याहून अधिक टीडीएस (विरघळलेले घन पदार्थ) दाखवते, कारण त्यात चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार ठेवलेले असतात. आपल्याला टीडीएस शून्य हवा. चौपाटीवरून कॅनमध्ये भरून आणलेले समुद्राचे पाणी वापरू नका. शहरालगतच्या किनाऱ्यावर सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यातले गोडे पाणी त्यात किती मिसळले आहे, हे घरच्या चाचणीत कळत नाही.

रीफसाठीचे मीठ मिश्रण २० लिटर पाण्याला साधारण ७०० ते ८०० ग्रॅम लागते. नेमके प्रमाण पाकिटावर पाहा आणि शेवटचा निर्णय रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर, सोपवा. विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, म्हणजे क्षारता सुमारे ३५ भाग प्रति हजार, हे उद्दिष्ट ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो ३५ वर बरोबरच असेल असे नाही. महिन्यातून एकदा ३५ भाग प्रति हजारच्या प्रमाणित द्रावणाने तो जुळवून घ्या.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे, आणि आपल्याकडे खरी अडचण थंडीची नसून उन्हाळ्याची असते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखा बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश खाली आणतो. पुण्यासारख्या कोरड्या हवेत तो चांगले काम करतो, पण मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत त्याचा परिणाम निम्म्यावर येतो, तर विदर्भातल्या मे महिन्यात त्याच्यावर विसंबता येत नाही. खोलीचे तापमान रोज ३० अंशांच्या वर जात असेल, तर चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च प्रवाळाच्या आधी धरावा लागतो. पंख्यामुळे उडालेले पाणी भरून काढताना मात्र गोडे आरओडीआय पाणीच घाला. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहते. दर वेळी खारे पाणी घालत राहिलात, तर काही आठवड्यांत क्षारता ४० च्या पुढे जाते, आणि ही चूक मी अनेक टाक्यांमध्ये पाहिली आहे.

त्यानंतर नायट्रोजन चक्र, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्याची प्रक्रिया, पूर्ण होऊ द्या. जिवाणूंची बाटली वापरली तरी आणि न वापरली तरी निकष एकच: पाण्यात अमोनिया २ भाग प्रति दशलक्षपर्यंत वाढवल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले पाहिजेत. कोरड्या खडकावर याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर काचेवर तपकिरी थर आणि खडकावर हिरवे शेवाळ येण्याचा काळ येतो. तो टाकी परिपक्व होण्याचा भाग आहे आणि त्याला घाबरून रसायने ओतू नयेत.

*तपासणी: पहिले प्रवाळ आणण्यापूर्वी सलग दोन आठवडे पुढील आकडे वहीत नोंदलेले असावेत. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५ ते १५ भाग प्रति दशलक्ष, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता रोखून धरण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० भाग प्रति दशलक्ष.*

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य असणे म्हणजे पाणी उत्तम, असे समजू नका. मृदू प्रवाळांना थोडी पोषकद्रव्ये लागतात, आणि दोन्ही शून्यावर नेलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडेयुक्त चिकट थर वाढण्याची शक्यता असते. तो घालवणे साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड असते.

टप्पा ३: प्रत्येक प्रवाळ कसे लढते ते ओळखा

प्रवाळे जागेसाठी तीन प्रकारे लढतात. एखाद्या प्रवाळाला ‘शांत’ म्हणण्यापूर्वी या तिन्हींच्या कसोटीवर त्याला तपासले पाहिजे.

पहिला प्रकार डंखाचा. गॅलॅक्सिया, टॉर्च, फेव्हिया, हिडनोफोरा यांसारखी कठीण प्रवाळे रात्री लांब तंतू बाहेर काढून शेजाऱ्याची ऊती जाळतात. दिवसा दुकानात ती जेवढी दिसतात, त्यावरून त्यांचा आवाका कळत नाही. पहिल्या टाकीत ती नकोत.

दुसरा प्रकार रसायनांचा. लेदर कोरल डंख मारत नाही, परंतु टर्पीन वर्गातली द्रव्ये पाण्यात सोडून इतर प्रवाळांची, विशेषतः कठीण प्रवाळांची, वाढ रोखते. अंतर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण पाणी एकच असते. त्यावर उपाय म्हणजे सक्रिय कोळसा सतत वापरणे आणि तो सुमारे चार आठवड्यांनी बदलणे.

तिसरा प्रकार विस्ताराचा, आणि नवशिक्या याच प्रकाराला सर्वाधिक फसतो, कारण सुरुवातीला ती वाढ पाहून आनंदच होतो. ग्रीन स्टार पॉलिप आपली जांभळी चटई पसरवत शेजाऱ्याच्या अंगावर चढते. झीनिया खडकावरून सरकत जाते. केनिया ट्री आपल्या फांद्या गाळते आणि त्या प्रवाहाबरोबर जिथे अडकतील तिथे रुजतात. ही तिन्ही प्रवाळे आवडत असतील, तर ती वाळूने चारही बाजूंनी वेढलेल्या एकट्या खडकावरच ठेवा. मुख्य रचनेवर एकदा चढली की खडक बाहेर काढल्याखेरीज ती हटत नाहीत.

टप्पा ४: यादी करा

मशरूम म्हणजे डिस्कोसोमा हे माझ्या मते पहिले प्रवाळ असावे. शास्त्रीय वर्गीकरणात ते खऱ्या प्रवाळांत धरले जात नाही, पण टाकीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा नाही. त्याला मंद प्रवाह आणि कमी प्रकाश, पार मीटरवर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) साधारण ३० ते ७५, पुरतो आणि पाण्यातले छोटे चढउतार ते सोसते. रिकॉर्डिया त्याच्याहून थोडे नाजूक आणि महाग असते, म्हणून ते नंतर घ्यावे. मशरूमच्या नावाखाली एलिफंट इअर हा मोठा प्रकारही विकला जातो. तो कडा मिटवून छोटे मासे धरतो आणि गिळतो, त्यामुळे लहान मासे असलेल्या टाकीत तो घेऊ नये.

झोअँथस, ज्याला दुकानात सगळे ‘झोआ’ म्हणतात, मध्यम प्रकाशात, म्हणजे ५० ते १०० पारमध्ये, आणि मध्यम प्रवाहात चांगले वाढते. ते डंख मारत नाही, आणि पसरले तरी त्याचा वेग आवरता येतो. त्याच्याबद्दलचा इशारा टप्पा ६ मध्ये आहे आणि तो वाचल्याशिवाय ते विकत घेऊ नका.

सार्कोफायटॉन, म्हणजे छत्रीसारखे टोडस्टूल लेदर, आणि सिन्युलेरिया, म्हणजे बोटांसारखे फिंगर लेदर, यांना ७५ ते १५० पार आणि अंगावरून जाणारा बऱ्यापैकी प्रवाह लागतो. टोडस्टूल मोठे होऊन खालच्या प्रवाळांवर सावली धरते. म्हणून त्याच्या आजच्या आकाराला नव्हे, तर वर्षानंतरच्या २०-२५ सेंटीमीटर रुंदीला जागा सोडा. १०० लिटरच्या टाकीत एकच लेदर पुरे.

कायद्याने परवानगी असलेल्या देशांतल्या वाचकांनी टाकी चार-सहा महिन्यांची झाल्यावर डंकन आणि कँडी केन ही दोन कठीण प्रवाळे घ्यावीत. दोन्हींचे तंतू आखूड असतात आणि दोन्ही आठवड्यातून एक-दोनदा मायसिस कोळंबीचा छोटा घास आनंदाने घेतात. त्यांच्याबरोबर अल्कलिनिटीवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण सांगाडा बांधताना ती खर्च होते.

*सावधान: एका खेपेत दोनपेक्षा अधिक प्रवाळे आणू नका आणि दोन खेपांमध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या. बिघाड झालाच, तर तो कशामुळे झाला हे त्याशिवाय कळत नाही.*

टप्पा ५: दुकानात काय पाहायचे

विक्रेत्याला निळा दिवा बंद करून पांढऱ्या दिव्यात प्रवाळ दाखवायला सांगा. निळ्या प्रकाशात फिकट पडलेले प्रवाळही चमकते. पांढऱ्या दिव्यात ते पांढुरके दिसत असेल, तर त्याच्या ऊतीतले सहजीवी शैवाल निघून गेलेले आहे. ते घेऊ नका. प्रवाळ उघडलेले असावे, तळाशी घट्ट चिकटलेले असावे आणि त्यावर पांढरा किंवा तपकिरी चिकट द्रव नसावा. फ्रॅगच्या, म्हणजे कापून वेगळ्या केलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या, बुंध्याला लहान, पारदर्शक तपकिरी फुलासारखे काही दिसले, तर ते बहुधा एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल असते. ते टाकीत एकदा आले की वर्षानुवर्षे त्रास देते. दुकानातल्या पाण्याची क्षारता, तापमान आणि प्रवाळ दिव्यापासून किती खोल ठेवले होते, या तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. प्रवाळ नुकतेच आले असेल, तर आठवडाभर थांबून मगच घ्या.

टप्पा ६: घरी आणल्यावरचा पहिला तास

टाकीतले दिवे मंद करा आणि बंद पिशवी २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्या. मग प्रवाळ एका भांड्यात काढून त्यात टाकीचे पाणी थोडे थोडे घालत अर्ध्या तासात क्षारता जुळवा. दुकानाचे पाणी टाकीत जाता कामा नये.

यानंतर डिप, म्हणजे कीड काढण्यासाठी प्रवाळ औषधी द्रावणात बुडवणे. टाकीच्या पाण्यात कोरल डिप लेबलवरच्या प्रमाणात मिसळून प्रवाळ सांगितलेल्या वेळेपुरते त्यात ठेवा, मधूनमधून पिपेटने पाणी मारा आणि स्वच्छ टाकीच्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात खळबळा. झोआ खाणारे न्यूडिब्रँक (समुद्री गोगलगायी) आणि चपटे कृमी त्यात गळून पडलेले दिसतील. डिपने अंडी मात्र मरत नाहीत. त्यासाठी शक्य असेल तिथे जुना फ्रॅग प्लग, म्हणजे तुकडा चिकटवलेली छोटी बैठक, काढून नवा लावा, खालच्या बाजूच्या अंड्यांच्या पुंजक्या खरवडून काढा आणि आठ-दहा दिवसांनी डिप पुन्हा करा. वेगळ्या २०-३० लिटरच्या टाकीत चार आठवडे विलगीकरण करता आले, तर त्याहून चांगले काहीच नाही.

*सावधान: झोअँथस आणि विशेषतः त्याचे नातलग पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असू शकते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय त्यांना हात लावू नका, ती कापू नका. झोआ चिकटलेला खडक कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका आणि तो कोरडा घासू नका. असा खडक उकळल्याने वाफेतून अख्खी कुटुंबे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील आणि ही शिस्त पाळणे शक्य नसेल, तर झोआ वगळून मशरूम आणि लेदरवरच टाकी उभी करा.*

टप्पा ७: मांडणी आणि चिकटवणे

नवे प्रवाळ आधी टाकीच्या तळाशी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू त्याच्या जागेवर न्या. थेट वर ठेवलेले प्रवाळ प्रकाशाने भाजते आणि हे नुकसान दोन दिवसांनी दिसते, तोवर उशीर झालेला असतो. शांत प्रवाळांतही किमान ५ ते ८ सेंटीमीटर अंतर सोडा.

फ्रॅग सायनोअॅक्रिलेट जेल गोंदाने चिकटवा. पातळ गोंद पाण्यात पसरून वाया जातो. मशरूमला गोंद धरत नाही, कारण ते सतत चिकट श्लेष्मा सोडते. ते खडकाच्या चुरीसह एका वाटीत ठेवा, वर जाळी बांधा आणि मंद प्रवाहात दोन आठवडे राहू द्या. ते स्वतःच एखाद्या तुकड्याला चिकटते आणि मग तो तुकडा हव्या त्या जागी गोंदाने बसवता येतो.

टप्पा ८: पहिले तीन महिने

या काळात हात मागे ठेवणे हेच बहुतेकांना जमत नाही. प्रवाळ दोन दिवस मिटलेले दिसले की त्याची जागा बदलली जाते, मग पुन्हा बदलली जाते, आणि प्रत्येक वेळी त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागते. दोन आठवडे जागा बदलू नका. टोडस्टूल लेदर आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक, मिटून मेणचट चकाकीचा थर धरते. हा त्याचा कात टाकण्याचा प्रकार आहे. त्याला ब्रश लावू नका, प्रवाह थोडा वाढवा. झोआचे देठ लांबत असतील, तर प्रकाश कमी पडतो आहे. मशरूम आक्रसून कडा वर दुमडत असेल, तर प्रकाश किंवा प्रवाह जास्त आहे. ऊती गळत असेल किंवा दुर्गंधी येत असेल, तर मात्र थांबू नका. प्रवाळ बाहेर काढा, कोळसा बदला आणि २० टक्के पाणी बदला.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे पुरते. फक्त मृदू प्रवाळे असतील, तर कॅल्शियमचे वेगळे डोस द्यायची गरज नाही. त्यांचे बहुतेक अन्न सहजीवी शैवालाकडून येते, म्हणून बाटलीतले प्रवाळ-खाद्य रोज ओतण्यात अर्थ नाही. वीज जात असेल तिथे इन्व्हर्टरवर सर्वांत आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी फिरवत ठेवणारा पंप, जोडा. दिवे काही तास बंद राहिले तर चालते, पाणी थांबले तर चालत नाही. मासे निवडताना क्लाउनफिश चालतील, पण फुलपाखरू मासे, मोठे एंजलफिश आणि ट्रिगरफिश प्रवाळांना टोचतात.

*तपासणी: दर रविवारी एकाच कोनातून टाकीचा फोटो काढा आणि खाली क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट लिहा. रोजच्या नजरेला न जाणवणारी आक्रसलेली कड किंवा फिकटलेला रंग चार फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो.*

वाढलेल्या प्रवाळाचे काय करायचे

मशरूम आणि झोआ वाढू लागले की जास्तीचे तुकडे दुसऱ्या हौशी पालकाला द्या. कोणतेही प्रवाळ, खडक किंवा टाकीतले पाणी खाडीत, समुद्रात किंवा नाल्यात टाकू नका. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मत्स्यालयाच्या व्यापारातून आलेले उनोमिया हे झीनियासारखे मृदू प्रवाळ पसरून स्थानिक रीफ झाकून टाकत आहे. नको असलेले झीनिया किंवा केनिया ट्री उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. झोआ हातमोजे घालून, न चिरडता, दोन घट्ट बंद पिशव्यांमध्ये घाला आणि मगच टाका.